विश्लेषण : केमोत केस गेल्यावर डोक्यावर काय घ्यायचे? विग, स्कार्फ की जुन्या लुगड्याची टोपी?

पैनगंगेकाठच्या देऊळघाटात एखाद्या घरी कर्करोगाचे निदान झाले की पुढचे दिवस कागदपत्रे, योजनेची मंजुरी आणि बसच्या वेळा यांतच जातात. केमोथेरपीसाठी बुलढाण्याहून साधारण दीडशे किलोमीटरवरचे छत्रपती संभाजीनगर, नाही तर अकोला, नागपूर किंवा थेट मुंबई गाठावी लागते. या धावपळीत केसांचा विषय मागे पडतो. डॉक्टर ‘केस जातील, पुन्हा येतील’ एवढे सांगतात आणि पुढच्या रुग्णाकडे वळतात. मग पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांनी एका सकाळी उशीवर केसांचा पुंजका दिसतो आणि डोक्यावर घ्यायला घरात काहीच तयार नसते. घाईत आणलेला नायलॉनचा स्कार्फ घसरतो, ऑनलाइन मागवलेल्या विगने डोके खाजते. हा त्रास टाळता येतो. त्यासाठी लागणारे बरेचसे सामान घरच्या कपाटात आणि जवळच्या बाजारातच असते.

केस का जातात? सगळ्यांचेच जातात का?

केमोची औषधे वेगाने विभागणाऱ्या पेशींवर काम करतात. कर्करोगाच्या पेशी तशाच असतात, पण केसांच्या मुळाशी असलेल्या पेशीही तितक्याच वेगाने वाढतात. डोक्यावरचे दहापैकी साधारण नऊ केस कोणत्याही वेळी वाढीच्या अवस्थेत असतात. त्यामुळे औषधाचा फटका बसला की ते जवळपास एकदमच गळतात. भुवया, पापण्या आणि अंगावरचे केसही जाऊ शकतात. नाकातले केस गेल्याने नाक सारखे वाहू लागते. हे कुणी आधी सांगत नाही आणि रुग्णाला वाटते सर्दी झाली.

मात्र प्रत्येक केमोने टक्कल पडत नाही. स्तनाच्या कर्करोगात देतात ते लाल रंगाचे औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, तसेच पॅक्लिटॅक्सेल आणि डोसिटॅक्सेल या औषधांनी केस बहुधा पूर्ण जातात. पोट आणि आतड्यांच्या कर्करोगात वापरल्या जाणाऱ्या फ्लुरोयुरॅसिल किंवा कॅपेसिटाबिनने ते बहुतेकदा फक्त विरळ होतात. म्हणून पहिल्याच भेटीत विचारावे, ‘माझ्या औषधाने केस पूर्ण जाणार की विरळ होणार, आणि कधी?’ या एका उत्तरावर पुढची तयारी ठरते.

शेगावच्या केसगळतीशी याचा काही संबंध?

नाही. बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न हमखास येतो, म्हणून स्पष्ट लिहायला हवे. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस आणि २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत लोकांचे केस काही दिवसांत गळले. ‘टक्कल व्हायरस’ असे नावही पडले. आयसीएमआरचे पथक येऊन गेले, आणि डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. केमोतली गळती पाण्याने, गव्हाने किंवा विषाणूने होत नाही आणि ती दुसऱ्याला लागत नाही. केमो घेणाऱ्या बाईचा कंगवा, टॉवेल वेगळा काढण्याचे केसगळतीमुळे तरी काही कारण नाही.

त्या घटनेने एक गोष्ट मात्र जिल्ह्याला दाखवली. केस गेले की माणूस दुखण्याने नव्हे, लोकांच्या नजरेने घरात बसतो.

केसांचे एवढे का वाटते?

‘जीव वाचतोय ना, केसांचे काय घेऊन बसलीस,’ असे सांत्वन करणारे घरोघर असतात. हेतू चांगला असतो, पण हे वाक्य बाईला बोचते. महाराष्ट्रात बाईच्या बिनकेसांच्या डोक्यामागे एक इतिहास आहे. नवरा गेलेल्या बाईचे केशवपन करण्याची चाल काही जातींत पिढ्यान् पिढ्या होती. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी सभा घेऊन, विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही, असे ठरवले. चाल संपली, तरी डोळ्यांतली ओळख सहज जात नाही. कुंकू लावलेल्या बाईचे डोके मोकळे दिसले की गावातली म्हातारी आजही दचकते. पुरुषाला ‘तिरुपतीला जाऊन आलो’ म्हणता येते. बाईला तेही म्हणता येते, पण दर २१ दिवसांनी नाही.

केसांच्या धास्तीने काही जणी केमो पुढे ढकलतात, काही अर्ध्यात सोडू पाहतात. डोक्यावर काय घ्यायचे हा प्रश्न म्हणूनच नटण्यामुरडण्याचा नाही. उपचार वेळेवर पूर्ण होण्याशी त्याचा थेट संबंध आहे.

अभिनेत्री सोनाली बेंद्रे यांनी २०१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये उपचार घेताना आधी केस बारीक कापले आणि मग बिनकेसांचे छायाचित्र स्वतःच प्रसिद्ध केले. त्याने अनेकींना धीर आला. पण न्यूयॉर्कमध्ये तसे फिरणे वेगळे आणि देऊळघाटच्या बाजारातून भाजी आणणे वेगळे. इथल्या बाईला डोके झाकावेसे वाटले तर त्यात कमीपणा नाही, नाही झाकावेसे वाटले तर त्यातही नाही. घरच्यांनी तिलाच ठरवू द्यावे.

केस गळण्याआधी काय करावे?

पहिला डोस झाला की आठवडाभरात केस बारीक करून घ्यावेत. लांब केस गळताना गुंततात, ओढले जातात आणि टाळू दुखते. बारीक केस गळताना त्रास कमी होतो आणि मनाचीही थोडी तयारी होते. वेणी कापायचीच असेल तर धुऊन, वाळवून, रबर लावून मग कापावी. ती जपून ठेवता येते.

वस्तरा किंवा ब्लेड वापरू नये. केमोत पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, बारीकशी जखमही चिघळते. मशीन चालवावे. न्हाव्याला घरी बोलावणे सोयीचे. सलूनच्या आरशासमोर बसणे अनेकींना जड जाते. यंत्राचे पाते स्पिरिटने पुसायला सांगण्यात संकोच नको.

कोणते कापड डोक्याला सोसते?

केस गेलेल्या टाळूची त्वचा कोवळी झालेली असते. केसांमुळे जे जाणवत नव्हते ते सगळे आता जाणवते: शिवण, लेबल, इलॅस्टिक, खळ, कपड्यात राहिलेली साबणाची पूड. म्हणून कापड निवडताना रंगाआधी स्पर्श बघावा. पारख सोपी आहे. कापड डोक्यावर नव्हे, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला अर्धा तास बांधून बघावे. तिथे टोचले तर डोक्यावर नक्की टोचणार.

सगळ्यांत चांगले जुने सुती लुगडे किंवा साडी. शंभरदा धुतलेले सूत जितके मऊ असते तितके दुकानातले कोणतेच नवे कापड नसते. बाळंतिणीच्या घरी दुपटी-टोपडी जुन्या लुगड्याची करतात, ती याच कारणाने. नवेच घ्यायचे तर मलमल किंवा वायल. ब्लाऊजसाठी मिळणारे टू बाय टू रुबियाही चालते, पण शुद्ध सुती आहे का ते विचारून. मांजरपाट नको, खरखरीत असतो. नवे कापड दोनदा धुऊन खळ आणि कच्चा रंग काढून टाकावा. घामाने रंग सुटला तर कपाळावर उतरतो.

सुती म्हणून पॉलिस्टर विकले जाते. त्याची पारखही जुनीच आहे. कडेचे दोन धागे ओढून जाळावेत. सूत जळताना कागदासारखा वास येतो आणि राख उरते. पॉलिस्टर वितळून टणक मणी होतो. सॅटिन आणि नायलॉन दिसायला छान, पण बिनकेसांच्या डोक्यावरून घसरतात, विदर्भाच्या उन्हाळ्यात खाली घाम साचतो, आणि चुलीजवळ किंवा गॅसजवळ ते धोक्याचेही आहेत.

होजिअरी, म्हणजे बनियनचे सुती कापड, टोप्यांसाठी उत्तम. ते ताणले जाते, त्यामुळे इलॅस्टिकची गरज पडत नाही.

घरी टोपी कशी शिवायची?

मुलाचा किंवा नवऱ्याचा जुना, मऊ, सुती टी-शर्ट घ्यावा. भुवयांच्या दोन बोटे वरून, कानांच्या वरून आणि मागे मानेच्या खळगीपाशी टेप धरून डोक्याचा घेर मोजावा. मोठ्या माणसांत तो बहुधा ५४ ते ५७ सेंटीमीटर भरतो. होजिअरी ताणते, म्हणून ३ सेंटीमीटर वजा करावेत. घेर ५५ असेल तर ५२ उरले. त्याच्या निम्मे २६, शिवणीसाठी १ जास्त, म्हणजे २७ सेंटीमीटर रुंदी. टी-शर्ट दुहेरी पसरून खालच्या दुमडलेल्या कडेपासून वर २६ सेंटीमीटर उंचीचा तुकडा कापावा. वरची बाजू वाटीसारखी गोल करावी आणि कड सोडून बाकी शिवून घ्यावे.

टी-शर्टची तयार कड कपाळावर येते, त्यामुळे तिथे नवी शिवण लागत नाही. बाकीची शिवण बाहेरच्या बाजूला ठेवून टोपी घालावी. दिसायला ती उलटी वाटेल, पण वरून ओढणी येणारच आहे. गावातला कोणताही शिंपी हे काम थोड्या वेळात करील. अशा तीन-चार टोप्या पहिल्या डोसच्या आधीच शिवून ठेवाव्यात. एक डोक्यावर, एक धुण्यात, एक प्रवासाच्या पिशवीत. केस गळायला लागले की रात्री हीच टोपी घालून झोपावे. गळलेले केस टोपीत राहतात आणि सकाळी उशी बघण्याची वेळ येत नाही.

बांधलेली ओढणी घसरते, काय करावे?

ओढणी केसांवर टिकते ती केसांच्या खरखरीमुळे आणि पिनांमुळे. गुळगुळीत डोक्यावर पकड मिळत नाही. उपाय एकच: आत टोपी, वर ओढणी. शिवायची नसेल तर तयार वस्तू बाजारात आहे. बुरखे आणि हिजाबच्या दुकानांत आत घालायची होजिअरीची घट्ट टोपी मिळते, दुकानदार तिला इनर कॅप किंवा हिजाब कॅप म्हणतात. ती ओढणी सरकू नये म्हणूनच बनलेली असते आणि महागही नसते. विगच्या जाहिराती बघण्यात आठवडा घालवण्याआधी या दुकानात एक चक्कर मारावी. हिजाब बांधणारी शेजारीण असेल तर बांधायची पद्धत तिच्याकडूनच शिकावी; कोणत्याही व्हिडिओपेक्षा ती लवकर शिकवील.

जुन्या लुगड्याचा मीटरभर लांबीचा तुकडा जवळपास चौकोनी निघतो. तो तिरका दुमडून त्रिकोण करावा. लांब बाजू कपाळावर, दोन्ही टोके कानांमागून नेऊन मागच्या लोंबत्या टोकावर गाठ. गाठ मात्र बरोबर मागे येऊ देऊ नये, मानेच्या बाजूला सरकवावी. एसटीत किंवा केमोच्या खुर्चीत चार-पाच तास डोके टेकून बसल्यावर मागची गाठ किती रुतते, हे पहिल्याच फेरीत कळते.

डोक्यावर पदर घेणाऱ्या बायकांसाठी आणखी एक युक्ती आहे. पदराखाली दिसतात ते केस फक्त पुढचे दोन बोटे आणि मागची वेणी. तेवढ्यासाठी पूर्ण विग लागत नाही. आपल्याकडचे जुने गंगावन इथे उपयोगी पडते. सुती टोपीच्या पुढच्या कडेला आतून केसांची बारीक झालर टाचावी, मागे गंगावनाची वेणी, आणि वरून पदर. कापलेली स्वतःची वेणी ठेवली असेल तर तिचेच करता येते. डोक्याला फक्त सूत लागते आणि लग्नकार्यात कुणाला काही कळतही नाही. गजरा टाळूवर पिनेने नव्हे, टोपीला दोऱ्याने टाचावा.

आणि उन्हाळा असेल तर एक सोय आपोआप होते. मार्च ते जूनमध्ये विदर्भातल्या निम्म्या मुली डोक्याला आणि तोंडाला स्कार्फ गुंडाळूनच घराबाहेर पडतात. त्या गर्दीत केमोवाली कोणती हे कोण सांगणार?

विग घ्यावा की नाही?

नाटकवाले ज्याला टोप म्हणतात तोच हा विग. नोकरी करणाऱ्या, शिकवणाऱ्या, रोज लोकांसमोर जाणाऱ्या बाईला तो हवासा वाटू शकतो. घ्यायचा असेल तर केस असतानाच निवडावा. रंग आणि भांग जुळवता येतो. सिंथेटिक विग काही हजारांत मिळतो, खऱ्या केसांचा त्याच्या कितीतरी पट. सिंथेटिक विग घालून फोडणी देऊ नये, कुकरची वाफ अंगावर घेऊ नये. त्याचे केस उष्णतेने आखडतात, वितळतात. विगखालीही सुती टोपी हवीच.

प्रामाणिकपणे सांगायचे तर गावाकडे विग बहुधा चार-सहा वेळा वापरला जातो आणि मग डब्यात राहतो. एप्रिलच्या उन्हात तो तासभरही सोसवत नाही. म्हणून कर्ज काढून विग घेण्याची घाई नको. मुंबईतील मदत चॅरिटेबल ट्रस्टची ‘कोप विथ कॅन्सर’ ही संस्था लोकांनी दान केलेल्या केसांचे विग गरजू रुग्णांना मोफत देते. दान करणाऱ्यांकडून किमान १२ इंच लांबीचे केस घेतले जातात. मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवकांचे टेबल असते, तिथे अशा मदतीची चौकशी पहिल्याच भेटीत करावी.

पुरुष आणि मुलांचे काय?

पुरुषांना उपरणे, रुमाल, टोपी यांची सवय असल्याने अडचण कमी. फक्त कडक खळ दिलेली गांधी टोपी कपाळावर घासते, ती खळ न देता वापरावी. हेल्मेटखाली पातळ सुती टोपी घालावी, नाही तर आतला फोम टाळूला घासतो आणि घामाने पुरळ येते. मुलांच्या बाबतीत मुख्याध्यापकांना आधी भेटून वर्गात टोपी घालण्याची परवानगी घ्यावी. टोपी ओढण्याचा खेळ पहिल्याच दिवशी थांबला तर पुढे त्रास होत नाही.

केस वाचवणारी ‘थंड टोपी’ म्हणजे काय?

केमो सुरू होण्याआधी अर्धा तास, केमो चालू असताना आणि नंतरही काही वेळ टाळू थंड ठेवणारे यंत्र असते. थंडीने टाळूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि केसांच्या मुळांपर्यंत औषध कमी पोहोचते. अमेरिकेत अशा यंत्राला २०१५ मध्ये मान्यता मिळाली. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी स्तनाच्या कर्करोगाच्या ५१ रुग्णांवर केलेली चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. थंड टोपी वापरलेल्या निम्म्याहून अधिक जणींचे केस बऱ्यापैकी टिकले, न वापरलेल्यांत एकीचेही नाही. पण ही सोय मोजक्या मोठ्या रुग्णालयांतच आहे, खर्चिक आहे, आणि रक्ताच्या कर्करोगात ती वापरत नाहीत. घरी बर्फाच्या पिशव्या डोक्यावर ठेवून हा प्रयोग करू नये. त्वचा भाजल्यासारखी होते.

टाळूची काळजी कशी घ्यावी?

दोन दिवसांआड कोमट पाणी आणि लहान बाळाचा सौम्य शाम्पू. चोळू नये, टिपून कोरडे करावे. साधे खोबरेल थोडेसे चालते, पण कापूर, मेंथॉल असलेली ‘थंडा’ तेले नकोत. कांद्याचा रस, लसूण, जडीबुटीचे लेप तर अजिबात नकोत; कोवळ्या त्वचेवर फोड येतात आणि केस त्याने एक दिवसही लवकर येत नाहीत. केसांखाली झाकलेली टाळू उन्हाला सरावलेली नसते, म्हणून शेतात किंवा बसस्टँडवर उभे राहताना टोपीवर दुपट्टा हवाच. हिवाळ्यात घाटावरच्या बुलढाण्यात रात्री गारठा असतो आणि बिनकेसांच्या डोक्याला तो जास्त जाणवतो. लोकरीची टोपी थेट घालू नये, आत सुती घालावी.

टाळूवर पू झालेले फोड, लाल चट्टे किंवा चिघळलेली जखम दिसली तर डॉक्टरांना दाखवावे. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट पाहू नये. केमोत तो तातडीचा मामला असतो.

केस परत कधी येतात?

शेवटच्या डोसनंतर बहुधा महिना-दोन महिन्यांत लव दिसू लागते. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, म्हणजे बॉबकटइतके व्हायलाही वर्ष लागते. सुरुवातीचे केस कधी कुरळे, कधी करडे येतात आणि पुढे बहुतेकांचे पूर्वीसारखे होतात. डोसिटॅक्सेलसारख्या औषधानंतर काही थोड्यांचे केस कायमचे विरळ राहतात. सहा महिन्यांनंतरही वाढ दिसत नसेल तर डॉक्टरांना विचारावे. मेंदी-कलप लावण्याआधीही विचारावे. काळ्या मेंदीतली रसायने कोवळ्या टाळूला सोसत नाहीत.

तोवर शिवलेल्या टोप्या लागतातच. नंतर त्या गरम पाण्यात धुऊन, उन्हात वाळवून पिशवीत ठेवाव्यात. पुढच्या तपासणीला रुग्णालयात जाताना सोबत न्याव्यात. तिथल्या बाकावर नुकतीच पहिल्या डोसला आलेली कुणीतरी असते.